लाल खडू आणि केरेहळ्ळीच्या सायकली

बसवनगुडी, बेंगळूर
रविवार, ता. ९ मार्च १९९७

तीर्थस्वरूप तुंगाक्काच्या पायांशी धाकट्या त्रिविक्रमाचा नमस्कार, दोन्ही गुडघे टेकून (ते अजून टेकतात, आणि टेकल्यावर मी कोणाचा हात न धरता उठतो, हे वाक्य भाऊजींना वाचून दाखवू नकोस). त्यांचा गुडघा आता कसा आहे? धारवाडच्या त्या वैद्यांचं तेल मी मागच्या खेपेलाच नापास केलं होतं, पण माझं ऐकतो कोण. तुझा रक्तदाब, पुढच्या अंगणातला आंबा आणि मागच्या अंगणातली शेजारीण, तिघंही ताळ्यावर असतील अशी आशा करतो. तू पाठवलेले सांडगे पोचले. तळून खायचे मात्र राहिलेत, कारण आमची कढई सध्या गोणपाटात शिवलेली आहे. ती तिथं का आहे, ते पुढं येईलच.

इकडे सगळे सुखरूप. चिरंजीव प्रणीत रोज सकाळी कंपनीच्या बसमधून इलेक्ट्रॉनिक सिटीला जातो, दिवसभर संगणकासमोर बसतो आणि घरी आल्यावर "दमलो, अण्णा" म्हणतो. माणूस बसून दमतो हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. सौ. वसुमतीची प्रकृती चांगली आहे. गेले चार महिने ती माझ्याशी एकच शब्द बोलते, "सरी." तू धारवाडची, तुला या शब्दाची ताकद सांगायला नको. तो होकार असतो, "बघून घेईन" असतो आणि "करा काय करायचं ते, मी इथंच उभी आहे" असाही असतो. कुठला कधी, हे ओळखायला जे आयुष्य लागतं त्यातलं बरंच मी सायकलवर घालवलं.

आता तुझा प्रश्न. जागा ठरली का, असं तू विचारलंस, आणि त्यापुढं तीन उद्गारचिन्हं टाकलीस. म्हणजे तुला सगळं शेषगिरीकडून कळलेलं दिसतं. शेषगिरी माझा चाळीस वर्षांपासूनचा मित्र आणि आमच्या गल्लीच्या राज्योत्सव समितीचा कार्यदर्शी, म्हणजे चिटणीस, आहे. यातल्या दुसऱ्या गोष्टीनं पहिलीचा घात केला. म्हणून खरी हकिगत माझ्या तोंडून ऐक.

ऑक्टोबरच्या एकतीस तारखेला मी कारखान्यातून निवृत्त झालो. तेहेतीस वर्षं मी तपासनीस होतो. लोकांनी पार्ट बनवायचे, मी ते मापायचे आणि केसभर जरी फरक निघाला तरी वर लाल खडूची फुली मारायची, एवढंच काम. फुली पडलेल्या पार्टला जनरल मॅनेजरही हात लावू शकत नसे. (एकदा लावला होता. मी कॅन्टीनमध्ये खुर्चीवर उभं राहून बोललो. पुन्हा लावला नाही.) आणि ही तेहेतीस वर्षं, कारखान्याची बस कोपऱ्यावरून जात असताना, मी शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकलनं गेलो. का, ते तू माझ्या तोंडून शंभरदा ऐकलंयस: सायकल हे एकच वाहन असं आहे की ज्यात इंजिन आणि मालक एकच असतो, म्हणून तिथं मालकाला इंजिनाची किंमत कळते. या वाक्याला आजवर टाळी पडली नाही असं झालेलं नाही. म्हणजे केरेहळ्ळीपर्यंत झालेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिली नोव्हेंबर, राज्योत्सव, म्हणजे कर्नाटकाचा वाढदिवस. आपल्या घरात साडेतीनशे वर्षं मराठी बोलतात आणि गल्लीतलं कन्नड भाषण मात्र दर वर्षी मी करतो, हे पुण्याहून आलेल्या माणसाला सांगितलं की तो चष्मा काढून पुसायला लागतो. असो. त्या दिवशी सकाळी मी भाषणाची जुळवाजुळव करत गांधी बाजारातून सायकलनं येत होतो. मागून एक पांढरी मोटार आली, भोंगा वाजवत माझ्या मागच्या मडगार्डला लागली, आणि काच खाली करून आतला तरुण म्हणाला, "अज्जा, मनेल्ली इरी!" आजोबा, घरी बसा! मडगार्डला पोचा आला त्याचं मला काही नाही. पण अज्जा? मला निवृत्त होऊन अजून एक दिवसही झाला नव्हता, अक्का!

संध्याकाळी मंडपात समितीनं माझा सत्कार केला. शाल, हार, डोक्यावर म्हैसुरी पेटा, हातात फळांची करंडी. मी भाषेवर सुरू केलं, भाषेवरून संस्कृतीवर आलो, संस्कृतीवरून रस्त्यावर आलो, आणि रस्त्यावर आल्याबरोबर मला ती पांढरी मोटार दिसली. त्यानंतर मी बोललो नाही, माझ्यातून कोणीतरी बोललं. ज्या शहरात सायकलला रस्ता नाही त्या शहरात मला घर नको! येत्या युगादीच्या (म्हणजे आपल्या पाडव्याच्या) आत मी बेंगळूर सोडेन आणि जिथं माणूस ताठ मानेनं सायकल चालवतो अशा गावात उरलेलं आयुष्य काढीन! टाळ्या थांबेनात. जुन्या ग्रीक नगरांत लोक टाळ्या वाजवून वक्त्यालाच युद्धावर पाठवून देत, असं मी कुठंतरी वाचलं होतं आणि तिथं पेन्सिलीनं रेघही मारली होती. स्वतःला लागू करायचं तेवढं राहिलं.

कारण अक्का, यात एक रिवाज आहे. दर वर्षी मी भाषणाच्या शेवटी काहीतरी सोडायची प्रतिज्ञा करतो. एका वर्षी कॉफी, एका वर्षी टीव्ही, एकदा तर समितीच सोडली होती. आणि दर वर्षी समोरचे लोक "बेडा, बेडा" ओरडतात, नको, नको, आणि लोकांच्या इच्छेपुढं मान तुकवून मी खाली बसतो. या वर्षीही मी हात जोडून वाट बघत थांबलो. कोणी बेडा म्हणेना. तेवढ्यात शेषगिरीनं माझ्या हातातून माईक काढून घेतला आणि डोळे पुसत जाहीर केलं की युगादीच्या दिवशी याच मंडपात त्रिविक्रमरायांचा निरोप समारंभ होईल, नादस्वर लावण्यात येईल आणि सगळ्या गल्लीला पुरणपोळीचं जेवण मिळेल. ज्या गल्लीला तुपासकट पुरणपोळीचं वचन मिळालंय, ती माझ्यासाठी बेडा म्हणेल का, सांग.

घरी आल्यावर मी वसुमतीला म्हटलं, "ऐकलंस ना?" ती म्हणाली, "गल्लीनं ऐकलं. सरी." आणि दुसऱ्या दिवसापासून तिनं सामान बांधायला घेतलं.

मग शोध सुरू झाला. अटी साध्या होत्या: फंडाच्या व्याजात बसेल असं भाडं, सपाट रस्ता, थोड्या मोटारी, जवळ डॉक्टर, आणि कॉफीची पूड समोर दळून देणारं एक दुकान. प्रणीत म्हणाला, "अण्णा, एवढं लांब कशाला? बेळ्ळंदूरला बघा. तळं आहे, मोकळं आहे." मी सायकल काढली आणि मारतहळ्ळीवरून फिरून बेळ्ळंदूरला जाऊन आलो. नाचणीची शेतं, बगळे, बेडूक आणि तळ्यावरचा वारा. मी तिथंच उभं राहून निकाल दिला की पुढची शंभर वर्षं इथं माणसाचं पोर राहायला येणार नाही, सायकलवाल्याला याहून सुरक्षित जागा पृथ्वीवर नाही. पण शेषगिरीनं आक्षेप घेतला. बेळ्ळंदूरला सिटी बस जाते, म्हणजे ते बेंगळूरच, म्हणजे शब्द मोडला. (पुरणपोळीचा मेनू ठरवणाऱ्या माणसाकडे न्यायदानही सोपवलं की असं होतं.)

म्हैसूरलाही जाऊन आलो. तिथल्या रस्त्यांत खोट काढायला जागा नाही आणि माणसांत तर त्याहून नाही. एका चौकात मी मुद्दाम एका गृहस्थाला अडवून, गाव लहान होतं तेव्हाच चांगलं होतं की आता, यावर वाद काढला. ते म्हणाले, "तुमचं अगदी बरोबर आहे," आणि मला घरी नेऊन कॉफी पाजली. दुसऱ्यानंही तेच केलं. दोन दिवसांत मी सात कॉफ्या प्यालो आणि एकाही माणसाशी माझा मतभेद झाला नाही. ज्या गावात सगळ्यांना आपलं पटतं तिथं बोलणारा माणूस किती दिवस जगेल? म्हैसूरवर मी मनातल्या मनात फुली मारली.

तेवढ्यात आप्पाजीचं पत्र आलं. आपल्या मावशीचा आप्पाजी, तुला आठवत असेल, शाळामास्तर होऊन तुमकुराच्या पुढं केरेहळ्ळीत स्थायिक झाला. त्यानं लिहिलं होतं, "इथं रस्ता तळ्याभोवती सपाट फिरतो. मोटारी दोनच. एक डॉक्टरांची, ती बंद असते. दुसरी लग्नाला भाड्यानं येते. बाकी सगळं गाव सायकलवर." मी ते पत्र तीनदा वाचलं. मग सायकल बसच्या टपावर बांधली, हत्यारांची पेटी घेतली आणि निघालो.

अक्का, आप्पाजीच्या पत्रात एक अक्षरही खोटं नव्हतं. मी बसमधून उतरलो तेव्हा संध्याकाळची वेळ होती आणि तळ्याच्या बांधावरून सायकलींची रांग चालली होती. गवताचे भारे चालले होते, दुधाच्या किटल्या चालल्या होत्या. देवळाचे भटजी सोवळ्यातच, एक हात हँडलला आणि एक हात नैवेद्याच्या ताटाला. गावातली सुईण इतक्या वेगात गेली की पोर जन्मायच्या आत पोचली असावी. माझे डोळे भरून आले (थोडे वाऱ्यानं). मी रांगेत शिरलो आणि बांधावरून दोन फेऱ्या मारल्या. कोणी भोंगा वाजवला नाही, कोणी अज्जा म्हटलं नाही. आप्पाजीनं जे घर बघून ठेवलं होतं ते कस्तुराबाई नावाच्या बाईंचं. दोन खोल्या, मागं विहीर, पुढं सायकलसाठी छप्पर, भाडं असं की व्याजातून उरलेल्या पैशात कॉफी पुरावी. मी उभ्या उभ्या घर पसंत केलं आणि त्याच आनंदात चहाच्या हॉटेलसमोर बोलायला उभा राहिलो.

ते भाषण माझ्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं भाषण होतं. समोर चाळीस-पन्नास माणसं, प्रत्येकाचा एक पाय जमिनीवर आणि एक पॅडलवर. चाकाच्या शोधापासून सुरुवात केली, तेलासाठी लढलेली युद्धं सांगितली, इंजिन आणि मालक एकच हे वाक्य शेवटी ठेवलं. आणि थांबलो. टाळी नाही. खोकलासुद्धा नाही. एक म्हातारे गृहस्थ खूप विचार करून म्हणाले, "स्वामी, तुम्ही म्हणता ते सगळं सरी. पण सायकल नाही तर आम्ही चालवणार होतो काय?" आणि सगळे पॅडल मारून घरी गेले.

त्या रात्री कस्तुराबाईंच्या त्या घरात मला झोप लागेना. जी गोष्ट सगळेच करतात तिच्या बाजूनं किती वेळ बोलणार? पण खरा घोटाळा सकाळी झाला. दार उघडतो तर बाहेर अकरा सायकली आणि अकरा मालक. कस्तुराबाई म्हणाल्या, "यजमान्रे, तुमची गिऱ्हाईकं आली." काय झालं होतं, तर हत्यारांच्या पेटीतले पाने, पंप आणि पंक्चरची रबरं लोकांनी बघितली होती, आणि सायकलबद्दल एवढा वेळ बोलणारा माणूस सायकल दुरुस्तीचं दुकानच काढायला आला असणार, असं गावानं ठरवलं होतं. मी तिथंच सांगायला हवं होतं की मी मेस्त्री नाही. पण उभी हयात सायकलच्या नावानं गळा काढलेल्या माणसानं दारातल्या अकरा सायकलींना पाठ दाखवायची? मी बाह्या सारल्या.

आता तूच विचार कर, माझ्या हातांना काम कुठलं येतं? तेहेतीस वर्षांत मी एक वस्तू दुरुस्त केलेली नाही. मी फक्त तपासली. पहिली सायकल: रिम वाकडी, मधला कप सैल. खिशात हात गेला, लाल खडू आला, मडगार्डवर फुली. दुसरी: चेन लोंबती, फुली. तिसरी: हँडल एकीकडे, चाक दुसरीकडे, फुली. चौथी गावच्या पोस्टमनची, सुब्बारावांची. तिचे ब्रेक सैल आहेत म्हणावं तर ब्रेकच नव्हते. पुढचा नाही, मागचा नाही. मी विचारलं, "थांबता कसे?" सुब्बाराव चप्पल दाखवून म्हणाले, "हिनं." मी दोन फुल्या मारल्या, सायकल भिंतीला टेकवून उभी केली आणि नापास मालासाठी माझा जो आवाज आहे त्या आवाजात सांगितलं, "इथून हलवायची नाही." सुब्बाराव टपालाची पिशवी खांद्याला लावून पायी गेले. अकराच्या अकरा नापास. मी घाम पुसून समाधानानं वर बघितलं तेव्हा अकरा माणसं माझ्याकडे कशी बघत होती, ते कोर्टाच्या दारात बघायला मिळतं.

तुला आठवतं, आपल्या लहानपणी सायकलला नगरपालिकेचा पितळी बिल्ला लागायचा? बिल्ला नसला की साहेब यायचा आणि सायकल उचलून न्यायचा. आपल्या वडिलांची, अण्णांची, सायकल अशीच एकदा गेली होती आणि तू रडली होतीस. तो कर कधीच बंद झाला, पण सायकलवाल्यांच्या घरात ही भीती वारशानं राहिलेली आहे. सुब्बाराव टपाल वाटत घरोघर पायी गेले आणि प्रत्येक घरी पायी येण्याचं कारण सांगत गेले. दुपारपर्यंत गावाचं मत बनलं: बेंगळूरहून साहेब आलाय, बिल्ला परत सुरू होतोय, पहिल्या दिवशी गोड बोलून सायकली मोजल्या, दुसऱ्या दिवशी खुणा केल्या, तिसऱ्या दिवशी लॉरी येणार. माझ्या भाषणाचा अर्थ आत्ता कुठं लोकांना लागला. फुकटात कोण एवढं गोड बोलतो?

संध्याकाळी मी बांधावर गेलो तर सायकल एकच, माझी. दुधाच्या किटल्या डोक्यावरून चालल्या होत्या. भटजी नैवेद्य सांभाळत पायी. सुईण पायी, पदर खोचून, धावत. गवताच्या गंजीतून इथं तिथं हँडलं डोकावत होती, आणि कोणीतरी तर आपली सायकल दोराला बांधून विहिरीत सोडली होती. कर्नाटकातलं सर्वांत चांगलं सायकलचं गाव मी शोधून काढलं आणि एका दिवसात ते पायी चालायला लावलं.

मी गैरसमज दूर करायचं ठरवलं. कसा करणार? भाषणानं. पुन्हा हॉटेलसमोर उभा राहिलो आणि सांगितलं, मी सरकारचा माणूस नाही, मला कसलेही अधिकार नाहीत, मी साधा सायकलवाला आहे. जसजसा मी नाकारत गेलो तसतसं लोकांचं मत पक्कं होत गेलं, कारण असं साहेबच बोलतात. आणि या वेळी टाळ्या पडल्या! थांबेचनात! पहिल्या भाषणाला एक नाही आणि या भाषणाला दोन मिनिटं. मला भरून आलं. त्या टाळ्या कशाच्या होत्या ते मला परतीच्या बसमध्ये बसल्यावर, मांडीवरच्या नारळांकडे बघताना कळलं. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी गावानं मला निरोप दिला: केळ्यांचा घड, पाच नारळ, गुळाची ढेप, आणि सायकल चार जणांनी मिळून टपावर चढवली, वारा लागू नये म्हणून पोतं घालून. कस्तुराबाई हात जोडून म्हणाल्या की घर बहिणीच्या मुलाला शब्द देऊन ठेवलंय, मघाशीच आठवलं. आप्पाजी ओलं फडकं घेऊन अकरा मडगार्डं पुसायला गेला होता.

आठ दिवसांनी त्याचं उघडं कार्ड आलं. मजकूर एवढाच: "सायकली हळूहळू बाहेर येत आहेत. तू येऊ नकोस." आमच्या पोस्टमननं ते कार्ड गेटपाशी उभं राहून मोठ्यानं वाचलं. पाच मिनिटांत गल्लीत आणि दहा मिनिटांत शेषगिरीकडे पोचलं. उघड्या कार्डाची ही ताकद मी त्या दिवशी ओळखली. एका ओळीत जे झालं ते माझ्या चाळीस मिनिटांत झालं नसतं.

घरी म्हणशील तर वसुमतीचं बांधणं जोरात आहे. रोज जेवायला बसलो की एक भांडं कमी दिसतं. पितळी डबे गेले, परात गेली, कढई गेली. माझी पुस्तकं दोरीनं बांधून झाली. गेल्या सोमवारी कॉफीचा फिल्टर गेला! मी म्हटलं, "अजून महिना आहे, हा शेवटी बांधला असतास तर?" ती म्हणाली, "विसरला असता. सरी?" तेव्हापासून मी सकाळी उठून हॉटेलात जाऊन कॉफी पितो आणि येताना बुल टेंपलचा चढ चढतो. मोठा वाईट चढ आहे. वरती पोचलं की वारा लागतो, भाजलेल्या कॉफीचा वास येतो, पानवाला "राय्रे, आज कोणावर?" म्हणून विचारतो, आणि वाटेत सात चौकांत माझी सात भांडणं अर्धवट राहिलेली आहेत. त्यातलं एक तर त्या पांढऱ्या मोटारवाल्याशी आहे. तो आता मला ओळखतो आणि लांबूनच भोंगा वाजवतो. मीही घंटी वाजवतो. पण हे सगळं मी सोडणार. मी शब्दाचा माणूस आहे. युगादीला नादस्वर वाजेल आणि त्रिविक्रम बेंगळूर सोडेल. कुठं जाईल हा तपशील आहे. थोरामोठ्यांनी देश सोडले, मी गल्ली सोडायला घाबरेन?

भाऊजींना नमस्कार सांग. गुडघ्याला जप.

तुझा शब्दाला जागणारा भाऊ,
त्रिविक्रम

ता. क. : सांडगे फार छान दिसतात.

ता. क. दुसरा : अक्का, एक लहानसं काम आहे. मला उलट टपाली एक उघडं कार्ड लिही. कन्नडात लिही, म्हणजे पोस्टमनला नीट वाचता येईल, आणि मोठ्या अक्षरात लिही, म्हणजे तो वाचेलच. मजकूर तुझ्या शब्दांत असू दे, पण साधारण असा: "त्रिविक्रमा! वाडवडिलांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्या भूमीवर पाऊल ठेवलं ती भूमी एका मोटारीच्या भोंग्याला भिऊन तू सोडणार? थोरली बहीण या नात्यानं मी तुला आज्ञा करते की बेंगळूरबाहेर पाऊल टाकशील तर माझं मेलेलं तोंड बघशील! तुझा शब्द मोठा की माझी शपथ? उत्तर दे!" यावर मी काय करू शकतो? मंडपात उभा राहीन, कार्ड वाचीन, शेषगिरीकडे बघीन आणि थोरल्या बहिणीपुढं मान तुकवीन. बेडा म्हणणारं कोणीतरी हवं, अक्का. गल्ली म्हणत नाही, तू म्हण. कार्डात मावलं नाही तर "मेलेलं तोंड" ठेव आणि बाकीचं काढ. पुरणपोळ्या होऊन जाऊ देत, त्यांचा काही दोष नाही.

ता. क. तिसरा : हे वसुमतीला कळता कामा नये. म्हणून तुला पाकिटातून लिहितो. डिंकाची बाटलीही बांधून झाली आहे, तेव्हा पाकीट भाताच्या शितांनी चिकटवतोय, पण चांगलं दाबून. ती आत्ता गांधी बाजारात निघाली आहे, तिच्याच हाती पोस्टात टाकतो. ती कोणाची पत्रं वाचत नाही.

*

ती. अक्कांना वसुमतीचा नमस्कार. भात कालचा होता, पाकीट कोपऱ्यावर येईपर्यंत उघडलं. पोस्टाच्या बाकावर बसून लिहिते आहे.

फिल्टर बांधलेला नाही. तो शेषगिरींच्या घरी आहे, त्यांच्या बायकोबरोबर मी रोज दुपारी तिथंच कॉफी घेते. गोणपाटांत कढई तेवढी खरी आहे. बाकी सगळ्यांत ह्यांच्या भाषणांचे कागद आहेत. भांडी माळ्यावर आहेत, हे वर बघत नाहीत.

म्हैसूर बघून झालं, बेळ्ळंदूर बघून झालं, आप्पाजींच्या गावाची ती दशा करून झाली. मडगार्ड, रिम, चेन, सगळं तपासलं. चार महिन्यांत मला मात्र एकदाही विचारलं नाही की तुला कुठं राहायचंय. गल्लीला विचारलं, शेषगिरींना विचारलं, आता तुम्हाला विचारतायत.

कार्ड जरूर लिहा. पण तो एवढा मोठा मजकूर नको, आणि शपथ तर नकोच. एकच ओळ पुरे: "त्रिविक्रमा, आधी वसुमतीला विचार." पोस्टमनला मी सांगून ठेवते, गेटपाशी मोठ्यानं वाच म्हणून. उत्तर माझ्याकडे पहिल्या नोव्हेंबरपासून तयार आहे.

बेडा.